एकसरचे वीरगळ आणि उत्तरसमुद्राचे परशुधर

आपण वाकोल्यास, विलेपारल्यास किंवा अंधेरीस राहणारे लोक बेटावर राहतों, ही गोष्ट आपणांपैकीं किती जणांच्या ध्यानांत असेल? उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची आणि पश्चिमेस साक्षात् सिंधुसागर, अशा चार पाण्यांनीं वेढलेल्या ह्या भूभागास शिलाहारांच्या लेखांत ‘षट्षष्टि’ म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश असें म्हटलें आहे. त्याचाच अपभ्रंश होऊन ‘साष्टी’ हें नांव रूढ झालें. पुढें पूल झाले, भराव पडले, आगगाडी आली, आणि पाणी दृष्टिआड झालें. वाकोल्याचा नाला मिठी नदीस मिळतो व तिच्यावाटे माहीमच्या खाडींतून समुद्रास भेटतो, हें आतां मोठा पाऊस पडला म्हणजेच आम्हांस आठवतें. दृष्टिआड सृष्टि म्हणतात ती हीच.

परंतु ज्यास आपल्या अंगणांतला समुद्र आठवत नाहीं त्यास दुसऱ्याचा समुद्र मात्र चांगला ठाऊक असतो. सांप्रत घरोघरीं मुलांच्या तोंडीं ‘व्हायकिंग’ हें नांव खेळत असतें. हातांत रुंद पात्याची कुऱ्हाड, अंगावर केसाळ कातडें, आणि नाळेवर सर्पाचें मस्तक कोरलेलें लांब जहाज, असें त्यांचें चित्र पडद्यावर पाहून पाहून मुलांच्या मनांत ठसलेलें असतें. आपल्याकडे असे दर्यावरचे लढवय्ये होते काय, असें कोणीं विचारलें म्हणजे बहुतेक घरांतील वडील मंडळी शिवछत्रपतींच्या आरमारापासून व कान्होजी आंग्र्यांपासून उत्तरास आरंभ करतात. तें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. शिवाजी महाराजांच्या पूर्वीं कित्येक शतकें कोंकणच्या दर्यांत गलबतांस गलबतें भिडत होतीं, आणि त्या संग्रामाचें दगडावर कोरलेलें चित्र ह्याच साष्टी बेटांत, बोरिवलीजवळ एकसर गांवीं, अद्यापि उभें आहे. त्या शिळांची ओळख वाचकांस करून द्यावी हा ह्या लेखाचा उद्देश होय. तुलनेनें वस्तु अधिक स्पष्ट दिसते, यास्तव आधीं परक्यांची हकीकत सांगून मग आपल्या घराकडे वळूं.

उत्तरसमुद्राचे परशुधर

व्हायकिंग हें कोणा एका राष्ट्राचें नांव नव्हे. नॉर्वे, डेन्मार्क व स्वीडन ह्या देशांतून समुद्रमार्गें लुटीस, व्यापारास किंवा वसाहतीस जे लोक बाहेर पडले त्यांस तें नांव पडलें. इ. स. ७९३ मध्यें त्यांनीं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न येथील मठ लुटला, तेथपासून इ. स. १०६६ पर्यंतचा काळ हा त्यांचा काळ असें इतिहासकार सामान्यतः मानतात. आपल्याकडे राष्ट्रकूटांची सत्ता भरास आली होती, वेरूळचें कैलास लेणें घडून फार वर्षें झालीं नव्हतीं, त्या सुमारास हे लोक सेन नदींतून वर चढून पॅरिसपर्यंत जाऊं लागले. इ. स. ८८५-८६ मध्यें तर त्यांनीं त्या शहरास कित्येक महिने वेढा दिला होता.

हे लोक घरीं शेतकरी, कोळी व सुतार असत. तरवार घडविण्यास उत्तम लोखंड व निष्णात लोहार लागे; म्हणून ती श्रीमंतांच्या कमरेस दिसे. कुऱ्हाड मात्र घरोघरीं होती. जंगल तोडावें, सरपण फोडावें, घराच्या तुळया तासाव्या, आणि प्रसंग पडला म्हणजे तीच खांद्यावर टाकून निघावें, असा क्रम असे. पुढें खास लढाईकरितां लांब दांड्याची, रुंद व पातळ पात्याची कुऱ्हाड निघाली. ती दोन्ही हातांनीं चालवावी लागे. म्हणजे ढाल हातांत धरण्याची सोय नाहीं. असा वीर पुढें सरसावला कीं स्वतःचें रक्षण सोबत्यांच्या ढालींवर सोंपवूनच तो सरसावे. इ. स. १०६६ मध्यें स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईंत एका नॉर्वेच्या वीरानें एकट्यानें पूल अडवून धरला व इंग्रजांची सेना खोळंबून ठेविली, अशी कथा आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहानें तर आपल्या अंगरक्षणासाठीं ह्याच उत्तरेकडील परशुधरांचें पथक ठेविलें होतें. तेथील हागिया सोफिया ह्या मंदिराच्या संगमरवरी कठड्यावर त्यांपैकीं कोणीं एकानें कोरलेलें ‘हाल्फदान’ हें नांव आजहि वाचतां येतें. शिंगें असलेलें शिरस्त्राण मात्र कवींच्या व नाटकवाल्यांच्या कल्पनेतलें आहे. १८७६ सालीं जर्मनींत वाग्नेरच्या संगीत-नाटकांकरितां जे पोषाख योजिले गेले त्यांनीं तें शिरस्त्राण लोकप्रिय केलें. उत्खननांत तशी वस्तु त्या काळची म्हणून सांपडलेली नाहीं.

त्यांचें खरें सामर्थ्य कुऱ्हाडींत नव्हे, जहाजांत होतें. आणि जहाज पुन्हां कुऱ्हाडीनेंच घडे. ओकचा ओंडका पाचरी मारून उभा फोडावयाचा, करवत न लावतां त्याच्या फळ्या कुऱ्हाडीनें तासावयाच्या, आणि एका फळीची कड दुसरीवर चढवून लोखंडी खिळ्यांनीं जखडावयाची, अशी त्यांची रीत. रेषेच्या अनुरोधानें फोडलेली फळी चिवट राहते. म्हणून ती पातळ ठेवितां येते. १८८० सालीं नॉर्वेमध्यें गोकस्टाड येथील एका थडग्याच्या टेकाडांतून असें एक संपूर्ण जहाज निघालें. तें सुमारें २३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असून त्याच्या फळ्या बहुतेक ठिकाणीं एका इंचाइतक्याच जाड आहेत. दर बाजूस सोळा वल्हीं आणि बत्तीस ढाली! त्याच्याच धर्तीवर बांधलेलें एक जहाज १८९३ सालीं बर्गेन बंदरांतून निघून सुमारें चार आठवड्यांत अटलांटिक महासागर ओलांडून गेलें. तळ उथळ असल्यामुळें हीं जहाजें नदींत शिरत, वाळूवर चढत, आणि कोट बांधलेल्या शहरांच्या पाठीशीं अकस्मात् उभीं राहत.

त्यांच्या समुद्रावरील लढाईचा प्रकार ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण एकसरच्या शिळा पाहतांना त्याचा उपयोग होईल. तोफा नव्हत्या, दुरून जहाज बुडविण्याचें साधन नव्हतें. यास्तव आपलीं जहाजें एकमेकांस दोरांनीं बांधून पाण्यावर जणूं रणभूमीच तयार करीत. प्रथम बाण व दगड, मग भाले, आणि शेवटीं शत्रूच्या जहाजावर उडी. इ. स. १००० च्या सुमारास स्वोल्डरच्या लढाईंत नॉर्वेचा राजा ओलाफ ट्रिग्वासन ह्याचें ‘दीर्घ सर्प’ नांवाचें जहाज शत्रूंनीं असेंच घेरलें. एकामागून एक सोबती पडले, शत्रु जहाजावर चढले, तेव्हां राजानें समुद्रांत उडी घेतली व तो पुन्हां दिसला नाहीं. आइसलंडचा पंडित स्नोरी ह्यानें ही हकीकत तेराव्या शतकांत विस्तारानें लिहून ठेविली आहे. शत्रूच्या हातीं न लागतां जलसमाधि घेणारा हा राजा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याचा एक भाऊबंद आपणांस लवकरच भेटणार आहे.

साष्टीचा समुद्र

आतां घराकडे वळूं. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखांत रविकीर्ति कवीनें चालुक्य राजा दुसरा पुलकेशी ह्याच्या पराक्रमाचें वर्णन केलें आहे. पश्चिमसमुद्राची लक्ष्मी असलेली जी पुरी नगरी, तिला त्यानें मत्त गजांसारख्या दिसणाऱ्या शेंकडों नौकांनीं वेढिलें, असा त्यांतील एका श्लोकाचा आशय आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी कीं दंडा-राजपुरी, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु कोंकणच्या मौर्यांची ही राजधानी समुद्रकांठीं होती आणि ती आरमार नेऊन घेतली गेली, ह्याविषयीं मतभेद नाहीं. जवळजवळ त्याच काळीं, इ. स. ६३६ च्या सुमारास, अरबांचें एक आरमार ठाण्यावर चालून आलें. खलिफा उमर ह्याची त्यास आज्ञा नव्हती. लांकडाच्या तुकड्यावर किडा बसवावा तसे तूं माझे लोक समुद्रावर पाठविलेस, आणि ते बुडाले असते तर तितकेच लोक मीं तुझ्या टोळींतून घेतले असते, अशा अर्थाचें पत्र त्यानें आपल्या सुभेदारास धाडल्याचें अरब इतिहासकार बलाझुरी सांगतो. वाळवंटांतील त्या शहाण्या पुरुषास समुद्राचें भय वाटत होतें. आमच्या कोंकणी माणसास तो समुद्र परसदारासारखा होता.

पुढें नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोंकणावर शिलाहारांचें राज्य होतें. ह्यांची राजधानी ठाणें, म्हणजे ‘श्रीस्थानक’. अंबरनाथचें सुप्रसिद्ध शिवालय त्यांच्याच काळचें, इ. स. १०६० च्या सुमाराचें. भांडुप येथें सांपडलेला छित्तराजाचा शके ९४८ चा ताम्रपट आपल्या उपनगरांच्या इतिहासाचा एक मोठा दुवा आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें सर्वांत बोलका लेख म्हणजे अनंतदेवाचा शके १०१६ चा, खारेपाटणास सांपडलेला ताम्रपट. भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धणम श्रेष्ठी ह्यांचीं जहाजें स्थानक, शूर्पारक, चेमूल्य व नागपूर, म्हणजे ठाणें, सोपारें, चौल व नागोठणें, ह्या बंदरांत आलीं असतां त्यांस जकात माफ असावी, असें त्यांत लिहिलें आहे. ज्या राज्यांत जहाजवाल्या सावकारांस ताम्रपट मिळतात, त्या राज्यांत समुद्र ही नुसती शोभेची वस्तु नव्हती हें उघड आहे.

एकसरच्या शिळा

बोरिवली स्थानकाच्या वायव्येस एक मैलाच्या अंतरावर एकसर हें जुनें गांव. पूर्वीं तेथें तळें व आमराई होती. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्यें ह्या गांवांतील सहा वीरगळांचें सविस्तर वर्णन आहे. मोठ्या शिळा सुमारें दहा फूट उंच, तीन फूट रुंद व अर्धा फूट जाड, आपल्याच काळ्या फत्तराच्या. वीरगळ म्हणजे युद्धांत पडलेल्या वीराचें स्मारक. त्याची भाषा ठरलेली असते व ती खालून वर वाचावयाची असते. तळच्या पट्टींत युद्ध व मरण, त्याच्या वर अप्सरा वीरास स्वर्गास नेत आहेत, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे किंवा देवाच्या सन्निध आहे, आणि माथ्यावर कलश. महाराष्ट्रांत असे वीरगळ गांवोगांवीं आहेत. बहुतेकांवर गाई राखतांना किंवा गांव राखतांना पडलेला वीर दिसतो. एकसरच्या पहिल्या दोन शिळांवरहि भूमीवरीलच संग्राम आहे. परंतु उरलेल्यांवर जें आहे तें महाराष्ट्रांत विरळा आहे: तेथें समुद्र आहे.

तिसऱ्या शिळेच्या तळाशीं उंच नाळेचीं पांच गलबतें ओळीनें चाललीं आहेत. प्रत्येकास डोलकाठी आहे आणि एका बाजूस नऊ वल्हीं आहेत. वरच्या फळीवर धनुर्धारी दाटीनें उभे आहेत. शेवटचें गलबत नायकाचें असावें; त्याच्या मागल्या भागीं स्त्रिया दिसतात. त्याच्या वरच्या पट्टींत चार गलबतें एका गलबतास भिडलीं आहेत, सैनिक त्यावर चढत आहेत आणि त्यावरील लोक पाण्यांत कोसळत आहेत. त्याच्या वर तीन पुरुष शिवलिंगाची पूजा करीत आहेत, आणि सर्वांत वर कैलासावर शंकर-पार्वती. चौथ्या शिळेवर तर अकरा गलबतांचा ताफा आहे. ढाली व भाले घेतलेल्या माणसांनीं तो गच्च भरला आहे. तिच्या वरच्या पट्ट्यांत क्रमानें चढत चढत वीर देवलोकास पोहोंचतो. आणखी दोन लहान शिळांवरहि नौकांचीच लढाई आहे.

आतां स्वोल्डरची आठवण करावी. गलबतानें गलबतास घेरणें, प्रथम बाण, मग भाले, मग शत्रूच्या फळीवर उडी, आणि पाण्यांत पडणारीं माणसें, क्रम तोच. दोन समुद्रांमध्यें अर्धी पृथ्वी, आणि दोन्ही लोकांस एकमेकांचें नांवहि ठाऊक नाहीं. तथापि वल्हें, वारा व लांकूड ह्यांचे नियम सगळीकडे सारखेच असल्यामुळें युद्धाची रीतहि सारखीच घडली. भेद शस्त्रांत आहे. आपल्या शिळांवर धनुष्य, भाला व ढाल हीं प्रमुख आहेत, कुऱ्हाड नाहीं. परशुरामाची भूमि म्हणविणाऱ्या कोंकणाच्या नौकायुद्धांत परशु दिसूं नये, हा विनोदच म्हणावयाचा! परंतु त्यास कारण आहे. धनुष्याची विद्या आपल्याकडे राजमान्य होती. लांकूडतोड्याचें हत्यार सैनिकाचें मुख्य शस्त्र होण्याची वेळच आली नाहीं.

शिळांवर लेख होते. एकीवर अकरा अक्षरें, दुसरीवर दहा. गॅझेटियर लिहिलें गेलें तेव्हांच तीं वाचण्याच्या पलीकडे गेलीं होतीं. त्यामुळें हा संग्राम कोणता, ह्याचा निर्णय इतर साधनांनींच करावा लागतो. संशोधकांचें लक्ष ह्या बाबतींत सोमेश्वर शिलाहाराकडे जातें. उत्तर कोंकणचा हा शेवटचा शिलाहार राजा. उरणजवळ रानवड व चांजे येथें त्याचे शके ११८१ व ११८२ चे लेख सांपडले आहेत. देवगिरीच्या महादेव यादवानें त्याच्यावर स्वारी केली. यादवांचें बळ हत्तींत व घोड्यांत. तेव्हां जमिनीवर टिकाव लागेना म्हणून सोमेश्वरानें गलबतांचा आश्रय केला. महादेवानें तेथेंहि त्याचा पाठलाग केला, आणि इ. स. १२६५ च्या सुमारास सोमेश्वर समुद्रांत बुडून मेला. एकसरच्या शिळा ह्याच युद्धाच्या असाव्या असा एक पक्ष आहे. त्या त्याहून शंभर-दीडशें वर्षें जुन्या असाव्या असा दुसरा पक्ष आहे. पक्ष कोणताहि घेतला तरी एवढें निश्चित कीं ह्या किनाऱ्यावर असे ताफे होते, असे संग्राम झाले, आणि त्यांत पडलेल्यांची आठवण ठेवण्यास दहा दहा फुटांच्या शिळा घडविण्याइतकें त्यांचें मोल त्यांच्या लोकांस वाटत होतें.

सोमेश्वराच्या मरणाची हकीकत ज्यानें लिहिली तो आपल्या वाचकांस परका नाहीं. तो म्हणजे महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्रि पंडित, आपला हेमाडपंत. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ ह्या आपल्या धर्मग्रंथाच्या व्रतखंडांत त्यानें यादवांची प्रशस्ति घातली आहे. तींत तो म्हणतो तें असें, कीं महादेवाच्या हत्तींच्या मदजलानें भरलेल्या प्रवाहांत सोमेश्वर, पोहण्यांत निपुण असूनहि, सैन्यासह बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां त्यास समुद्रांतला वडवानल बरा वाटला. काव्य म्हणून कल्पना सुंदर आहे. पण क्षणभर अलंकार बाजूस सारून पाहिलें तर काय उरतें? राज्य गेलेला एक राजा, जळीं-स्थळीं मागें लागलेला शत्रु, आणि शरण जाण्यापेक्षां पत्करलेलें मरण. ओलाफच्या उडीस पोवाडे मिळाले, कारण ते त्याच्या लोकांनीं लिहिले. सोमेश्वराची हकीकत जेत्याच्या लेखणीनें लिहिली गेली, म्हणून तिची थट्टा झाली. बाकी दोघांत उणाअधिक कोण, हें सांगणें कठीण आहे.

काथ्याची शिवण

नौका कशा बांधीत ह्याचाहि थोडा विचार केला पाहिजे. उत्तरेकडे लोखंडी खिळा, तर आपल्या समुद्रांत काथ्याचा दोर. फळीस फळी कडेनें भिडवावयाची, दोहोंस भोकें पाडून नारळाच्या काथ्यानें शिवावयाची, आणि सांधे राळ व तेल ह्यांनीं बुजवावयाचे, ही अरबी समुद्रांतील प्राचीन रीत मार्को पोलो, इब्न बतूता आदि प्रवाशांनीं वर्णिलेली आहे. भोजराजाच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ह्या संस्कृत ग्रंथांत नौकांचे प्रकार व मापें दिलीं आहेत. ज्या नौकेचें दालन नाळेकडे असतें ती ‘अग्रमंदिरा’ व ती युद्धास योग्य, असें तो सांगतो. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक तिला ओढून घेईल, असेंहि त्यांत आहे. हें कारण आपण हंसण्यावारी नेऊं. परंतु रीत हंसण्यासारखी नव्हती. शिवलेली नौका लवचिक असते; लाटेच्या तडाख्यानें किंवा वाळूवर आपटल्यानें ती तडकत नाहीं, वांकते व सांवरते. काथ्या तर खाऱ्या पाण्यांत कुजण्याऐवजीं टिकतो. ज्या देशांत सागवान व नारळ दोन्ही एका किनाऱ्यावर वाढतात तेथें खिळ्यावांचून कोणाचें अडत नव्हतें.

ह्या विद्येची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पांचव्या शतकाच्या जहाजावरून गोव्यांत एक शिवलेलें शिडाचें जहाज बांधलें गेलें, आणि ‘कौण्डिन्य’ हें नांव घेऊन मे २०२५ मध्यें कारवार येथें तें भारतीय नौदलांत दाखल झालें. डेन्मार्कांत हाच प्रयोग आधीं झाला होता. रोस्किल्डच्या खाडींतून १९६२ सालीं व्हायकिंगांचीं बुडालेलीं जहाजें वर काढिलीं. त्यांतील सुमारें तीस मीटर लांबीच्या युद्धनौकेची हुबेहूब प्रतिकृति २००७ सालीं वल्हीं व शीड ह्यांच्या बळावर डब्लिनपर्यंत गेली. मूळचें जहाज इ. स. १०४२ च्या सुमारास डब्लिनासच बांधलेलें होतें, हें फळ्यांतील वार्षिक वलयांवरून सिद्ध झालें आहे. त्यांस लांकूड मिळालें, कारण त्यांच्या थंड चिखलांत तें टिकलें. आपल्या उष्ण पाण्यांत किड्यानें तें खाल्लें. म्हणूनच आपल्याकडे दगडाची किंमत अधिक. शिलाहारांच्या काळचें गलबत पाहावयाचें तर एकसरला गेल्यावांचून गति नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. परके तेवढे लुटारू आणि आपले तेवढे धर्मवीर, असा निवाडा कोणीं करूं नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याविषयीं लिहितो कीं, ह्या बंदरांतून राजाच्या संमतीनें चांचे बाहेर पडतात. लुटींत घोडे मिळाले तर ते राजाचे, बाकीचा माल त्यांचा, असा करार आहे. घोडे अरबस्तानांतून समुद्रमार्गें येत व देवगिरीच्या सैन्यास ते हवे असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कराराचें मर्म कळतें. उलटपक्षीं व्हायकिंग हे व्यापारीहि होते. स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५६ सालीं उत्खननांत एक लहानशी कांशाची बुद्धमूर्ति सांपडली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारताच्या वायव्य भागांत घडलेली आहे. व्यापाराच्या वाटेनें हातोहात फिरत ती त्या बर्फाच्या देशीं गेली. समुद्राच्या वाटेवर तराजू व तरवार एकाच गलबतांतून प्रवास करतात, हें दोन्हीकडे सारखेंच खरें.

विसर कोणास पडला?

ज्या किनाऱ्यानें असे ताफे पाहिले त्यास त्यांची विस्मृति कां पडली? ह्याचें उत्तर देतांना आपल्या वर्गानें थोडें स्वतःकडे पाहिलें पाहिजे. बौधायनानें समुद्रगमन हें उत्तरेकडील लोकांच्या आचारांत गणलें व पुढें तेंच पतनीय पातकांतहि घातलें. नंतरच्या निबंधकारांनीं द्विजांस समुद्रयान कलिवर्ज्य ठरविलें. विलायतेहून परत आलेल्यांस प्रायश्चित्त द्यावें कीं काय, ह्यावर एकोणिसाव्या शतकांत आपल्या घरांतून केवढे वाद झाले, हें जुन्या कुटुंबांच्या स्मरणांत आहे. परिणाम असा झाला कीं ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं समुद्राकडे पाठ केली, आणि ज्यांच्या हातीं वल्हें होतें त्यांस लेखणी मिळाली नाहीं. गलबतें चालत राहिलीं, बंदरें गजबजत राहिलीं. परंतु त्यांचें वाङ्मय झालें नाहीं. आइसलंडांत शेतकऱ्यांच्या घरीं हिवाळ्याच्या रात्रीं पूर्वजांच्या जलप्रवासांच्या कथा सांगितल्या जात आणि पुढें त्या लिहिल्या गेल्या. म्हणून ओलाफच्या जहाजावरील कित्येक सोबत्यांचीं नांवें आज आपण वाचतों. एकसरच्या गलबतांवरील एकाहि माणसाचें नांव आपणांस वाचतां येत नाहीं.

हें मला फार मोठें नुकसान वाटतें. हेमाद्रीच्या प्रशस्तींत राजे आहेत, हत्ती आहेत, वडवानल आहे. पण वल्हें मारणारा माणूस नाहीं. तो माणूस फक्त शिळेवर आहे. त्याच्या आप्तांनीं, त्याच्या धन्यानें किंवा गांवानें द्रव्य खर्चून पाथरवट बोलाविला, फत्तर आणविला, त्यावर त्याचें मरण कोरविलें आणि त्याच मरणाच्या वर त्यास शंकराच्या पायाशीं नेऊन बसविलें. शास्त्रानें ज्या समुद्रास वर्ज्य म्हटलें त्या समुद्रांत पडलेल्या वीरास ह्या पाथरवटानें थेट कैलास दिला! पुराणांच्या सभामंडपांत न घडलेला हा निर्णय एकसरच्या आमराईंत घडला होता, आणि माझ्या मतें तो न्याय्य होता.

आतां ती आमराई नाहीं. चहूंकडे उंच इमारती झाल्या आहेत, आणि मेट्रोच्या मार्गावर ‘एकसर’ ह्याच नांवाचें स्थानक २०२२ सालापासून चालूं आहे. वाकोल्याहून सांताक्रूझला जाऊन गाडीनें बोरिवली गांठली कीं पुढें फार चालावें लागत नाहीं. गोकस्टाडचें जहाज पाहण्यास नॉर्वेस जावें लागतें. हें आपलें आरमार अर्ध्या दिवसाच्या सुटींत पाहून येण्यासारखें आहे. जाणारांनीं शिळांवर शेंदूर व तेल घालूं नये, खडूनें रेषा ओढूं नयेत, अक्षरें उठावींत म्हणून खरवडूं नये. सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन पडलें म्हणजे कोरीव काम आपोआप उठून दिसतें. तेवढें धैर्य धरावें. शाळांच्या शिक्षकांनीं इतिहासाचा एक तास तेथें घ्यावा. आणि ज्यांस ह्याहून अधिक करणें शक्य आहे त्यांनीं ह्या शिळांवर योग्य तें छत्र व शेजारीं मराठींत माहितीची पाटी असावी, ह्याकरितां पुरातत्त्व खात्याकडे व महापालिकेकडे लेखी मागणी करावी.

अक्षरें झिजलीं तीं परत यावयाचीं नाहींत. गलबतें मात्र अजून दिसतात, वल्हीं अजून मोजतां येतात, आणि पाण्यांत पडणाऱ्या माणसाचा हात अजून वर उचललेला आहे. आणखी किती पावसाळे तो तसा दिसावा, हें बरेंचसें ह्या बेटावर राहणाऱ्या आपणां सर्वांवर अवलंबून आहे.